माझ्या तोंडी एकच शब्द

मित्रांनो, जवळ या, पण फार जवळ नको. माझ्या तोंडाला वास येतो. शिळ्या शाईचा, कुबट कापसाचा आणि आणखी कशाकशाचा, ते पुढे ओघाने येईलच. मी एक जुना रबरी शिक्का आहे. मूठ लाकडाची, हातांच्या घामाने काळी पडलेली. खाली रबराची पट्टी आणि त्या पट्टीवर उलटा कोरलेला एकच शब्द. लाल शाईत बुडवून मला कापडावर दाबलं, की तो सुलटा वाचता येतो: निकृष्ट.

इतर शिक्क्यांचं नशीब बघा. टपालाचा शिक्का गावोगावच्या पत्रांवर बसतो. 'मंजूर' म्हणणाऱ्या शिक्क्याकडे बघून लोक हसतात, काही तर त्याला कपाळी लावायच्या बेतात असतात. शाळेतला शिक्का प्रगतिपुस्तकावर ऐटीत उमटतो. आणि माझ्या वाट्याला काय आलं? घाण! जन्मभर एकाही धड वस्तूला माझं तोंड लागलं नाही. जे बघून लोक नाकाला पदर लावतात, त्याला मी गालाला गाल लावून भेटलो. त्यामुळे माझा स्वभाव थोडा तिरसट झाला आहे. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म जिन्याखालच्या एका खोलीत झाला. तिथे शिक्के करणारा कारागीर डोळ्याला भिंग लावून बसायचा. मान वर न करता गिऱ्हाइकाशी बोलायची त्याची पद्धत होती. एका सकाळी त्याच्याकडे गाद्यांच्या कारखान्याचे मालक आले. त्यांच्या शर्टावर कापसाचे तंतू होते, केसांत होते, भुवयांतसुद्धा होते. पुढे त्यांना सगळे थोरले मालक म्हणू लागले, म्हणून मीही तसंच म्हणतो.

"एक शिक्का हवाय," ते म्हणाले. "जी गादी कारखान्याबाहेर जाऊ द्यायची नाही, तिच्यावर मारायला."

"मग 'खराब' असा करून देतो. चहा घेईपर्यंत तयार."

"खराब नको. चांगली गादी पाण्यात भिजली तरी खराब होते. त्यात तिचा काय दोष, आणि भरणाऱ्याचा तरी काय?"

"टाकाऊ?"

"टाकाऊ म्हणजे जिचं काम संपलं ती. बिचारीवर वर्षानुवर्षं कुणीतरी झोपलं, मग ती टाकली. तिचा मान ठेवायला नको?"

"बरं, मग 'सुमार' घ्या. सभ्य शब्द आहे."

"सभ्य आहे, तेच नकोय. सुमार म्हटलं की माणूस म्हणतो, असू दे, चालेल. मला न चालणारा शब्द द्या. माहीत असून हलकं भरलं, पार खालच्या पायरीवर उतरून काम केलं, हे वाचताक्षणी कळलं पाहिजे."

कारागिराने पहिल्यांदाच भिंग वर केलं. "म्हणजे निकृष्ट."

"हां! हाच."

"कोरायला किचकट आहे हो. त्या 'ष्ट'च्या पोटात शाई साठते."

"साठू दे. वाचता आलं म्हणजे झालं," थोरले मालक म्हणाले आणि माझं आयुष्य ठरून गेलं. मला कुणी विचारलं नाही. शिक्क्याला कोण विचारतो?

कारखाना म्हणजे एक लांबट शेड होती. वर पत्रा, उंचावर खिडक्या, एका टोकाला कापूस पिंजायचं यंत्र. ते सुरू झालं की माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागे, आणि बंद झालं तरी सवयीने ती ओरडतच बोलत. मधल्या ओळीत गाद्या भरणारे, मग दाभण घेऊन शिवणारे, आणि अगदी शेवटी खिडकीखाली एक मोठं टेबल. त्या टेबलाशी मावशी बसायच्या. गादी तपासणं हे त्यांचं काम. कुणाच्या त्या सख्ख्या मावशी नव्हत्या, पण भरणाऱ्यांपासून मुकादमापर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणायचे. थोरले मालक मात्र त्यांना 'बाई' म्हणत.

या कारखान्याची एक रीत होती, ती नीट लक्षात ठेवा. गादी आधी साध्या पांढऱ्या अस्तरात भरायची. मग चारी बाजू शिवायच्या, पण एक कोपरा वीतभर उघडा ठेवायचा. त्या कोपऱ्यातून मावशी कोपरापर्यंत हात आत घालत, अगदी पोटातला कापूस उपटून बाहेर काढत, तो चिमटीत चोळत, नाकाशी नेत आणि मग निकाल देत. गादी चांगली असली तर कोपरा शिवून तिच्यावर फुलाफुलांची खोळ चढे. वाईट निघाली तर मावशी आधी "शी!" म्हणत आणि मग त्या उघड्या कोपऱ्याशेजारी मला दाणकन हाणत. माझा शब्द ज्या अस्तरावर उमटला, ती गादी परत उसवली जाई आणि तिच्यातला माल मागच्या अंगणात जाळला जाई. नवा माणूस कामाला लागला की थोरले मालक त्याला म्हणत, "वरून सगळ्याच गाद्या देखण्या दिसतात. हात घातल्याशिवाय बोलायचं नाही."

त्या कोपऱ्यांतून काय काय निघायचं म्हणून सांगू! सरकी न काढलेला कापूस, तेलकट चिंध्या, गाठी झालेला कुबट माल. एकदा उंदराचं सबंध बिऱ्हाड निघालं, कच्च्याबच्च्यांसकट. मावशींनी त्यांना सुपात घालून बाहेर सोडलं आणि परत येऊन मला हाणलं. त्या ओलसर अस्तरावर मला तोंड टेकवावं लागायचं. शाईबरोबर कापसाचे तंतू माझ्या 'ष्ट'मध्ये जाऊन बसायचे. मावशी रोज संध्याकाळी टाचणीने ते कोरून काढत आणि म्हणत, "चल, तोंड धू." दिवसभरात तेवढंच काय ते सुख.

पण मित्रांनो, तेव्हा मला मान होता. मी क्वचितच वापरला जायचो, कारण मी टेबलावर बसलोय हे भरणाऱ्यांना दिसायचं. माझ्या भीतीने हात चांगला चालायचा. लोक दुकानात जाऊन याच कारखान्याची गादी मागत आणि खोळीच्या तळाशी शिवलेली थोरल्या मालकांच्या नावाची पट्टी बघूनच घेत. चांगल्या गाद्यांवर माझं नाव कुठेच नसे. तरी त्या चांगल्या होत्या त्यात माझाही वाटा होता, असं मी मनातल्या मनात म्हणून घेत असे.

एकदा काय झालं, शिवणाऱ्यांतला एक जण आजारातून नुकताच उठून कामावर आला होता. हात थरथरत होता, टाके वेडेवाकडे पडत होते. मुकादमाला चेष्टेची लहर आली. त्याने मला टेबलावरून उचललं आणि त्या माणसाच्या पाठीवर, शर्टावर हाणलं. सगळी शेड खो खो हसली. ज्याच्या पाठीवर मी उमटलो त्याला कळेना काय झालं. तोही कसनुसा हसला. त्याची पाठ घामाने ओली होती आणि शर्टाखाली तापाची ऊब होती. मी कधी माणसाला टेकलो नव्हतो. मला स्वतःचीच किळस आली.

थोरले मालक दारात उभे होते. ते तरातरा आत आले. यंत्र बंद करायला लावलं. "शर्ट काढ रे बाळा," ते त्या माणसाला म्हणाले, आणि खुंटीवरचा स्वतःचा धुतलेला शर्ट त्याच्या अंगावर चढवला. मग तो लाल ठशाचा शर्ट मुकादमाच्या हातात दिला. "नळावर जा. हा शब्द निघेपर्यंत घासत बस."

"गंमत केली हो मालक..."

"गंमत मलाही कळते. हा शब्द मालासाठी आहे. गादी एकदा भरली की भरली, ती स्वतःहून सुधारत नाही. माणूस दमतो, आजारी पडतो, चुकतो आणि उद्या नीट करतो. त्याला हा शब्द लावलास तर त्याने उद्या उठायचं कशासाठी? माणसाला नाही. कधीच नाही."

मुकादमाने दुपारपर्यंत शर्ट घासला. त्याच्या बोटांची सालं निघाली. माझी शाई पक्की, ती फिकी गुलाबी झाली, पण गेली नाही. तो दिवस मावशीही विसरल्या नाहीत आणि मीही.

पुढे थोरले मालक जिन्यावरून पडले. कमरेचं हाड मोडलं आणि त्यांनी अंथरूण धरलं. कारखाना मुलाच्या हातात आला. हे धाकटे मालक. माणूस तसा वाईट नव्हता, वडिलांवर जीव होता. पण कापसाचा तंतू बाहीवर बसला की लगेच झटकायचा, आणि सुगंधी रुमाल नाकाशी धरूनच शेडमधून फिरायचा. उघड्या कोपऱ्यात त्यांनी कधी हात घातला नाही. "हात कशाला घालायचा?" ते हसून म्हणत. "गिऱ्हाईक हात घालतं का? दिसायला कशी आहे ते बघा."

मग माल बदलला. एक दिवस मागच्या दाराशी काळपट गाठोडी उतरली. फेकून दिलेल्या जुन्या गाद्यांचं पोट फाडून काढलेला तो कापूस होता. त्याला पिवळट रंग होता आणि वास असा, की पिंजायच्या यंत्रावरचा माणूस उठून बाहेर गेला. त्यात केस होते. नखं होती. रक्त वाळून कडक झालेल्या पट्ट्या होत्या. कुणाच्या तरी अंथरुणातलं जे जे सांडतं, झिरपतं आणि वाळतं, ते सगळं त्यात होतं. हे यंत्रातून काढलं की वरवर भुरभुरीत, पांढुरकं दिसे. लबाडी अशी पिंजून निघते, ते मी तेव्हा पाहिलं.

मावशींनी पहिल्याच कोपऱ्यात हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. बोटांना काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी ते बघितलं, "शी!" सुद्धा म्हणाल्या नाहीत, आणि मला हाणलं. पुढची गादी, परत मी. त्याच्या पुढची, परत मी. संध्याकाळपर्यंत माझं तोंड इतकं बरबटलं, की टाचणी पुरेना. लाल ठशांच्या गाद्यांची रास खिडकीपर्यंत गेली. हात साबणाने धुऊन धुऊनही मावशींना त्या दिवशी डबा खाववला नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटे मालक टेबलाशी आले. "मावशी, हा शब्द फार जहाल आहे हो. वाचूनच कसंतरी होतं."

"शब्दाला काय झालंय? गादीला झालंय."

"अहो, थोडं समजून घ्या. प्रत्येकाला उंची गादी कुठे परवडते? आपण जरा गोड बोलू. हे बघा, नवा शिक्का करून आणलाय."

गोलमटोल, चकचकीत, कडेने नक्षी. त्याच्या तोंडी 'किफायतशीर' असा शब्द होता आणि शाई निळी. एरवी तो शब्द चांगला आहे, मित्रांनो. कमी खर्चात चांगलं मिळालं तर त्याला किफायतशीरच म्हणतात. पण या सडक्या मालावर तो शब्द बसवणं म्हणजे उकिरड्यावर अत्तर शिंपडणं. मला त्या शिक्क्याचा राग नव्हता. त्याच्या तोंडात जो खोटेपणा कोंबला, त्याचा मला संताप यायचा.

"आणि या लाल ठशांचं काय करायचं? उसवायच्या?" मावशींनी विचारलं.

"उसवायचं कशाला? ठसा अस्तरावर आहे. वरून खोळ घाला. आतलं काही बाहेर कळता कामा नये."

मावशींना तपासणीच्या टेबलावरून उठवलं आणि खोळी शिवायच्या यंत्रावर बसवलं. त्या गप्प बसल्या. घरात कमावत्या त्या एकट्याच होत्या, ही नोकरी गेली असती तर चूल थंड पडली असती. मला टेबलाखालच्या केराच्या टोपलीत टाकलं होतं. घरी निघताना मावशींनी इकडेतिकडे पाहिलं, मला आणि माझ्या शाईच्या डबीला उचललं आणि आपल्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकलं. मी तिथेच राहू लागलो. रोज कारखान्यात यायचो, रोज घरी जायचो आणि पिशवीच्या फटीतून काही न बोलता सगळं बघायचो, ऐकायचो.

खोळी कशा घालायच्या याची मुकादमाने स्वतःची एक पद्धत बसवली. मालकांनी सांगितलं होतं ना, कळता कामा नये! मग ज्या गादीला वास जास्त, तिला कापड जाड. ज्या अस्तरावर डाग जास्त, तिला नक्षी दाट. जी सगळ्यांत सडकी, तिला सगळ्यांत उंची खोळ, रेशमी काठाची. शेडमधल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त धाकट्या मालकांना, कारण ते खोळीच्या आत बघतच नव्हते.

म्हणून जेव्हा वडिलांची जुनी गादी बदलायची वेळ आली, तेव्हा धाकटे मालक स्वतः गोदामात गेले. अख्खी रांग फिरले. आणि सगळ्यांत देखणी, रेशमी काठाची गादी त्यांनी निवडली. "ही बाबांना पाठवा," ते अभिमानाने म्हणाले. मुकादमाचं तोंड उघडलं आणि परत मिटलं. आपलीच युक्ती मालकाला कोणत्या तोंडाने सांगणार?

काही दिवसांनी थोरल्या मालकांचा मावशींना निरोप आला, घरी येऊन जा. मावशी दुपारच्या सुट्टीत गेल्या. त्याच दिवशी कारखान्याच्या दारात एक ट्रक भरून उभा होता. मुलांच्या एका वसतिगृहाने गाद्या मागवल्या होत्या, आणि संध्याकाळी ट्रक निघायचा होता. तुमच्याएवढीच मुलं, मित्रांनो. रात्री दमून जी पालथी झोपतात आणि नाक उशीत नाहीतर गादीतच खुपसतात.

थोरल्या मालकांची खोली स्वच्छ होती. खिडकी उघडी, चादर धुतलेली, सूनबाईंनी सुवासिक फवारा मारलेला. तरी मावशी दारातच थबकल्या. पिशवीत मलाही कळलं. तो वास मी कसा विसरेन?

"या बाई, बसा," थोरले मालक म्हणाले. फार वाळले होते. "एक विचारायचं होतं. इतकी वर्षं गाद्या विकल्या आणि आता मला गादी चावते. अंगभर पुरळ उठलंय. डॉक्टर म्हणतात, औषधाने होतं. सूनबाई बिचारी रोज चादर बदलते. माझं डोकं फिरलंय का, एवढंच सांगा."

मावशींनी गादीच्या काठावर हात ठेवला. रेशमी काठ, दुहेरी टीप. ती खोळ त्यांनीच शिवली होती. तेवढ्यात धाकटे मालक जेवायला घरी आले ते थेट खोलीत डोकावले.

"अरे, मावशी! बघितलीत बाबांची गादी? गोदामातली सगळ्यांत भारी काढून दिलीय."

"मालक," मावशी थोरल्यांना म्हणाल्या, "तुम्हाला खुर्चीत बसवायला पाहिजे. आणि मला कात्री पाहिजे."

"कात्री कशाला?" धाकटे मालक पुढे झाले. "मावशी, बाबांना उगीच त्रास नको. आपण नंतर..."

"मला उचल," थोरले मालक म्हणाले. मुलाने मुकाट्याने उचललं.

मावशींनी खोळीची टीप उसवली, कोपरा बाजूला सारला. खाली पांढरं अस्तर, आणि त्यावर माझाच चेहरा. लाल, ठसठशीत, 'ष्ट'च्या पोटात शाई साठलेला. निकृष्ट. मावशींनी अस्तराची टीपही कापली आणि बाजूला झाल्या.

"हात घाल," थोरले मालक मुलाला म्हणाले.

"बाबा..."

"कोपरापर्यंत. पोटातलं काढ."

धाकट्या मालकांनी बाही वर केली. हात आत गेला, थांबला, पुढे गेला. बाहेर आला तेव्हा मुठीत काळपट गोळा होता. त्यातून लांब केस लोंबत होते, कुणाचे कुणास ठाऊक. गोळा मोडला तशी एक वाळलेली पट्टी सुटली, कुणाच्या तरी जखमेचा तांबूस डाग धरून बसलेली, आणि ती त्यांच्या घामाने ओल्या बोटांना चिकटली. झटकली तरी निघेना. ते तोंड दाबून न्हाणीघराकडे धावले. त्यांच्या ओकाऱ्या आम्ही सगळ्यांनी ऐकल्या. थोरले मालक आपल्या पुरळाने भरलेल्या हातांकडे बघत राहिले.

मुलगा परत आला तो भिंतीला धरून. तेव्हा मावशी बोलल्या. "मालक, हे एवढंच नाही. दारात ट्रक भरलाय. सगळा असाच माल आहे. मुलांच्या वसतिगृहाला जाणार, आज संध्याकाळी. खोळी मी शिवल्यात. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले होते. आता जाऊ दे गेली तर."

थोरले मालक म्हणाले, "बाई, तो आपला शिक्का आहे का हो अजून?"

मावशींनी मला पिशवीतून काढलं. शाई वाळली होती, त्यांनी डबीत पाण्याचे थेंब टाकले. थोरल्या मालकांनी मला मुठीत धरलं. हात हाडकुळा, पण पकड तीच. समोर धाकटे मालक गुडघ्यावर बसले, मान खाली घालून. त्यांचं कपाळ माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. खरं सांगतो, मला मोह झाला. इतक्या घाणीत तोंड घातलेल्या मला वाटलं, आज बसावं या कपाळावर, कायमचं. थोरल्या मालकांचा हात वर गेला. मुलाने डोळे मिटले.

"मालक," मावशी हळूच म्हणाल्या, "माणसाला नाही."

"आठवतंय, बाई." त्यांचे डोळे भरले होते. ते खुर्चीतून वाकले, गादीची ती रेशमी खोळ ओढून मांडीवर घेतली, तळाची पट्टी शोधली. त्या पट्टीवर त्यांचं स्वतःचं नाव छापलेलं होतं. जन्मभर ज्या नावाला बघून लोकांनी गादी घेतली, त्या नावावर त्यांनी मला दाबलं. जोर लावून, नीट, वाचता येईल असं.

"आपल्या नावाचा आता हाच अर्थ आहे," ते मुलाला म्हणाले आणि मला त्याच्या हातात दिलं. "माणूस आहेस तू. चुकलास. ट्रक निघायच्या आत जा."

धाकटे मालक जेवले नाहीत, रुमालही तिथेच राहिला. कारखान्यात पोचले तेव्हा ट्रकवाला दोर बांधत होता. "उतरवा," ते ओरडले. मुकादम म्हणाला, "सगळ्या?" "सगळ्या." त्यांनी स्वतः खोळी फाडल्या, स्वतः कोपरे कापले, एकेका गादीत हात घातला. प्रत्येक वेळी चेहरा वाकडा व्हायचा, प्रत्येक वेळी ओकारी दाटायची, पण हात मागे घेतला नाही. जिच्यावर आधीचा ठसा होता तिच्यावरसुद्धा त्यांनी मला परत मारलं. पहिला ठसा तिरका पडला, अर्धाच उमटला. सवय नव्हती ना! मावशींनी मागून हात धरून दाखवलं, सरळ कसा दाबायचा. त्या दिवशी मागच्या अंगणात आग फार वेळ जळत होती, आणि तिचा वास मला चक्क आवडला.

आधीच विकलेल्या गाद्या ज्यांनी घेतल्या, त्यांच्या घरी धाकट्या मालकांना स्वतः जावं लागलं. लोकांनी दारात उभं करून वाट्टेल ते ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. वसतिगृहाच्या गाद्या उशिरा गेल्या, पण धड गेल्या. मावशी परत खिडकीखालच्या टेबलाशी बसल्या. 'किफायतशीर' शिक्क्याची चकचकीत मूठ आता खिडकी उघडी राहावी म्हणून फटीत अडकवलेली असते. वारा आला की कुरकुरते.

थोरल्या मालकांची शेवटची गादी मुलाने स्वतःच्या हाताने भरली. एक कोपरा उघडा ठेवून ती त्यांच्याखाली घातली. "शिवू का आता?" मुलाने रोज विचारावं, आणि त्यांनी रोज "राहू दे" म्हणावं. झोपताना ते त्या कोपऱ्यात बोटं घालून ठेवत. ते गेले तेव्हाही बोटं तिथेच होती. मावशींनी ती हलकेच सोडवली, तेव्हा त्यांत पांढरा, कोरडा, स्वच्छ कापूस होता.

आता मी म्हातारा झालो आहे. रबराला भेगा पडल्या आहेत, 'नि'ची वेलांटी झिजली आहे. मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या खेळात कुणी हरलं, कुणाचं चित्र बिघडलं, तर त्याच्या पाठीवर माझा शब्द मारू नका. एका शर्टावरून तो घासूनही निघाला नव्हता, हे मी पाहिलं आहे. पण जे खरोखर सडकं आहे, माहीत असून सडकं भरलं आहे, त्याला गोड नावही देऊ नका. तिथे हात घाला, किळस आली तरी घाला, आणि मग मला हाणा. माझ्या तोंडाला वास येईल, त्याची काळजी करू नका. फक्त माझी शाई वाळू देऊ नका, आणि संध्याकाळी कुणीतरी टाचणी घेऊन माझं तोंड धुवा.